होडी किती फुटांची घ्यावी? आधी घरातले हात मोजा

पुण्या-मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेली पोरं, निवृत्तीनंतर किनाऱ्यावरच्या घरात राहायला आलेले काका, लहानपणी आजोबांच्या होडीत बसलेले पण स्वतः कधी वल्हं न मारलेले भाचे, सगळे मला एकच विचारतात: "होडी किती फुटी घेऊ?" मी उलट विचारतो, "रात्री ठेवणार कुठे?" प्रश्न टाळतोय असं त्यांना वाटतं. खरं तर उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

मी स्वतः हे चुकलो होतो. पहिली होडी घेतली ती २४ फुटी. होड्यांच्या कारखान्यात दोन साचे होते, १८ आणि २४. मोठी बघून छाती फुगली. समुद्र मोठा, मग होडीही मोठीच बरी, असं साधं गणित केलं. शेजारचे आबा पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उभे राहून बघत होते. म्हणाले, "होडी घेतलंस ता बरा केलंस. पण ती वडूक माणसा खंयसून हाडतलंस?" म्हणजे, ओढायला माणसं कुठून आणणार? तेव्हा हसलो. पुढच्या दोन हंगामांत ती होडी जितके दिवस पाण्यात होती, त्याहून जास्त दिवस माडाच्या सावलीत पडून होती. पहाटे साडेचारला आठ माणसं गोळा होत नव्हती, एवढंच कारण.

हे लिहितोय ते घरच्या वापराच्या होडीबद्दल. घरातली दोन-तीन माणसं, स्वतःपुरते मासे, जास्त आले तर बाजारात टोपली. ट्रॉलर, मोठ्या जाळ्यांच्या पर्ससीन बोटी, खलाशी ठेवून चालवायचा धंदा हा वेगळा विषय आहे. उदाहरणं सिंधुदुर्गाची आहेत, कारण तो किनारा माझ्या पायाखालचा आहे. रायगड-पालघरला फरक कुठे पडतो ते मध्ये सांगेन.

पहिलं काम: किनारा चालून बघा

होडी बघायला जाण्याआधी, जिथून ती पाण्यात घालणार ती जागा निदान चार वेळा बघा. एकदा उधाणाच्या भरतीला, एकदा उधाणाच्या ओहोटीला, एकदा भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, आणि एकदा मार्च-एप्रिलच्या दुपारी वायव्येचा वारा सुटलेला असताना.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आपल्याकडे आहे: तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला. पौर्णिमेला सव्वाअकरा. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण होडीवाल्याला पुरतं. आता यातली गोम बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी आणि मध्यरात्री, म्हणजे ओहोटी बरोबर पहाटे पाच-सहाला. मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, पहाटे बाहेर पडायचं तर नेमकं तेव्हाच पाणी सर्वांत लांब गेलेलं असतं. होडी ओढायचं अंतर त्या दिवशी सर्वांत जास्त. पुळण उताराची असेल तर फार फरक पडत नाही, सपाट असेल तर जीव निघतो. त्या पहाटे होडीच्या जागेपासून पाण्यापर्यंतची पावलं मोजा आणि आकडा लिहून ठेवा.

मालवण-वेंगुर्ल्याकडे उधाणाला पाण्याची चढउतार दोन-अडीच मीटर. मुंबईकडे तीच साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते. म्हणून उत्तरेकडच्या खाड्यांत ओहोटीला होड्या चिखलात बसलेल्या दिसतात. तिथे होडी ओढण्यापेक्षा ती चिखलात सरळ बसेल का, कलंडेल का, हा प्रश्न मोठा. सपाट तळाची होडी नीट बसते. धारदार तळाची आडवी होते, आणि भरतीचं पाणी तिच्यात काठावरून शिरतं.

जागा ढोबळ मानाने तीन तऱ्हेच्या.

उघडी पुळण, जशी तारकर्ली किंवा आचऱ्याची. इथे होडी रोज ओढावी लागते आणि फुटत्या लाटेतून काढावी लागते. माझा अनुभव असा की १८ फुटी फायबरची होडी, इंजिन काढून, गोल ओंडक्यांवरून चार माणसं सुखाने ओढतात. माझ्या २४ फुटीला आठ-नऊ लागायची. याचं कारण साधं आहे. लांबी वाढली की रुंदी आणि खोलीही वाढते. १८ ची २४ केली तर लांबी एक-तृतीयांशाने वाढली, पण त्याच प्रमाणात तिन्ही बाजू वाढल्या तर होडीचं आकारमान सव्वादोन पटीच्याही वर जातं. वजन, रंग, फायबर, इंजिन, खर्च, सगळं त्याच बाजूला सरकतं. फूट मोजून किंमत ठरवणारे इथे फसतात.

खाडी, जशी देवबागला कर्ली किंवा मालवणजवळ कोळंब. इथे होडी नांगरावर तरंगती ठेवता येते, ओढायचा ताप नाही, म्हणून २०-२२ फुटी परवडते. पण तळाला शेवाळ आणि शिंपल्यांची खरखरीत खपली धरते, ती महिन्याला खरवडावी लागते, नाहीतर इंजिन नुसतं पेट्रोल पितं. आणि खाडीचं मुख! ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघालेलं असतं, समोरून लाट आत येते, मधे वाळूचा बांध. तिथे लाट उभी राहते आणि फुटते. बाहेर समुद्र गुळगुळीत असला तरी मुखावर होडी आडवी झाली की संपलं. वाळूचा बांध दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीची वाट यंदा चालेलच असं नाही. खाडीतून ये-जा करणाऱ्या होडीला किती पाणी लागतं हे इंजिनसकट मोजा. होडीचा तळ नऊ-दहा इंच बुडत असेल, पण इंजिनाचा पंखा त्याच्याही खाली फूटभर असतो.

तिसरी जागा धक्क्याची. होडी ओढायची नाही, नांगर सांभाळायचा नाही. पण धक्क्यावर मोठ्या होड्यांची गर्दी असते आणि लाटेत तुमची छोटी होडी दोन मोठ्यांच्या मधे सुपारीसारखी कातरली जाते. जागा मिळेल का, कुठली मिळेल, हे तिथल्या मच्छीमार सोसायटीत आधी विचारा.

पावसाळ्याची सोय याच फेरीत बघून ठेवा. जून ते सप्टेंबर होडी वर काढून झाप (माडाच्या विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्रीखाली ठेवायची असते. घराशेजारी तेवढी लांब जागा आहे का? पाणंदीतून होडी वळेल का? माझ्या ओळखीत एकाने २२ फुटी आणली आणि गडग्याचं, म्हणजे दगडी कुंपणाचं, एक टोक पाडावं लागलं. गडगा भावकीतला होता. पुढचं सांगत नाही.

दुसरं काम: माणसं मोजा, पाहुणे नव्हे

होडीत रोज कोण जाणार त्यांचीच नावं लिहा. गणपतीला येणारे मुंबईकर धरू नका. बहुतेक घरांत हा आकडा दोन असतो, फार तर तीन.

अमेरिकेच्या कोस्ट गार्डने २० फुटांखालच्या बोटींसाठी एक सोपा ठोकताळा दिलाय: लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले पंधरा. १८ फूट लांब, ५ फूट रुंद म्हणजे ९० भागिले १५, सहा माणसं. हा आकडा शांत पाण्यातला, आणि माणूस ६८ किलोचा धरून. आपल्या होडीत माणसाबरोबर जाळं, नांगर, दोर, पेट्रोलचा कॅन, बर्फाची पेटी असते, आणि येताना ओलं जाळं. ओल्या जाळ्याचं वजन नवख्याला कधीच खरं वाटत नाही. म्हणून मी तो आकडा निम्मा करतो. १८ बाय ५ ची होडी तीन माणसांची. दोन माणसं आणि एक शिकणारा पोरगा, यासाठी ती अगदी मापाची.

उलट बाजूही बघा. दोघांनाच सांभाळता येणार नाही एवढी होडी असेल तर एक जण आजारी पडला की धंदा बंद. आणि इंजिन बंद पडलं तर दोघांनी वल्ही मारून ती घरी आणता आली पाहिजे. हे मी फार महत्त्वाचं मानतो. २४ फुटी होडी वाऱ्याविरुद्ध दोघांनी वल्हवून बघा एकदा.

तिसरं काम: मासे कुठले, आणि किती लांब

इथे लोक स्वतःशी खोटं बोलतात. डोळ्यासमोर सुरमई असते. रोजच्या हातात मात्र गरी (मासे धरायचा गळ), नाहीतर बांगडा-पेडव्यांची कांडाळ (मासे अडकवायचं जाळं), खाडीतले खेकडे, खडपाजवळची तांबोशी.

खाडीत पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायचा, गरवायचं, खेकडे धरायचे, तर १४ ते १६ फूट भरपूर झाली. त्याहून मोठी खाडीच्या फाट्यांत वळतही नाही. किनाऱ्यापासून घर दिसेल इतक्या अंतरावर, आठ-दहा वाव (वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोल पाण्यात कांडाळ मारायची तर १८ ते २० फूट. रात्रभर जाळं सोडून बसायचं, जमीन दिसेनाशी होईल इतकं बाहेर जायचं, तर २६-२८ फुटांखाली मी कुणाला सल्ला देणार नाही. आणि ती होडी घरगुती राहात नाही. तिला खलाशी लागतात, तांडेल (होडीचा मुख्य नाविक) लागतो, कर्ज लागतं.

मालवणच्या आसपास आणखी एक भान ठेवा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात बुडालेले खडक भरपूर आहेत, आणि १९८७ पासून तिथला काही भाग सागरी अभयारण्य आहे. छोटी, उथळ होडी तिथल्या वाटांनी जाते, मोठीला वळसा पडतो. खडक कुठे आहेत ते नकाशापेक्षा वल्हं मारत म्हाताऱ्या झालेल्या माणसाला नीट माहीत असतं. त्याला एक हंगाम सोबत घ्या.

चौथं काम: लांबी विसरा, रुंदी आणि काठ बघा

विकणारा लांबी सांगतो. तुम्ही टेप घेऊन रुंदी मोजा आणि काठ पाण्यापासून किती वर राहतो ते बघा. हा काठ भरलेल्या होडीचा मोजायचा. माणसं बसलेली, जाळं आत, टाकी भरलेली. तेव्हा सर्वांत खालच्या जागी काठ पाण्याच्या वर सव्वा ते दीड फूट हवा. त्याहून कमी असेल तर दुपारच्या वाऱ्यात येताना सतत पाणी उपसावं लागेल. फार उंच काठही नको. जाळं ओढताना कंबर मोडते, आणि उंच काठाला वारा धरतो.

मग खरी परीक्षा. दोघांनी एकाच काठावर जाऊन वाकायचं, जाळं ओढताना वाकतो तसंच. होडी थोडी कलून थांबली तर ठीक. कलतच गेली तर पैसे खिशात ठेवून परत या, कितीही स्वस्त असो.

अरुंद होडीला आपल्याकडचं जुनं उत्तर म्हणजे उलांडी. होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेला हलक्या लाकडाचा ओंडका. मालवणकडच्या 'पात' नावाच्या होडीला ती असते. अरुंद होडी वल्ह्यावर पळते, लाटेतून सुईसारखी निघते, आणि उलांडीमुळे उलटत नाही. दोघा माणसांना, इंजिनाशिवाय, किनाऱ्यालगत मासे मारायला याहून शहाणी रचना मला माहीत नाही. अडचण एवढीच की उलांडीच्या बाजूने धक्क्याला लागता येत नाही, जाळं एकाच बाजूने घ्यावं लागतं, आणि फायबरचे कारखाने ती बनवायच्या भानगडीत पडत नाहीत. वल्ह्यावर जायची तयारी असेल तर जुनी पात शोधाच. हल्लीच्या पोरांना ते कमीपणाचं वाटतं. वाटू दे.

पाचवं काम: इंजिन होडीला शोभेल असं

मोठी होडी जोरात पळते हा समज अर्धा खरा. पाणी कापत जाणाऱ्या होडीच्या वेगाला तिच्या पाण्यातल्या लांबीची मर्यादा असते. लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. पाण्यात १६ फूट असलेली होडी साधारण ५.४ नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटर. २२ फूट असलेली ६.३ नॉट, ताशी पावणेबारा. सहा फूट जास्त घेऊन मिळाले पावणेदोन किलोमीटर. त्याहून जोरात जायचं तर होडी पाण्यावर उचलली जावी लागते, आणि त्यासाठी इंजिन दांडगं लागतं.

१८ फुटीला ९.९ हॉर्सपॉवरचं इंजिन घरच्या वापराला पुरतं. पूर्ण जोरात ते तासाला चार-पाच लिटर पेट्रोल खातं. ४० हॉर्सपॉवरचं पंधराच्या वर जातं. दुसरा फरक वजनाचा. ९.९ चं इंजिन चाळीस किलोच्या आसपास, म्हणजे दोघं जण उचलून घरी नेतात आणि ओटीवर ठेवतात. चोरीची भीती नाही, गोड्या पाण्याने धुणं रोज होतं. सत्तर किलोचं इंजिन किनाऱ्यावरच राहतं, आणि मग रात्री तुमची झोप तिथे राहते.

इंजिन घेण्याआधी ते जिथे लागतं त्या मागच्या फळीची उंची मोजा. आखूड दांड्याचं इंजिन १५ इंची फळीला, लांब दांड्याचं २० इंची फळीला. चुकीचं जोडलं तर पंखा एक तर लाटेत हवेत फिरतो, नाहीतर वाळू खणतो. दुकानात "चलता हैं" म्हणतील. चालत नाही.

पेट्रोलचे तीन भाग करायचे: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक न मोजायचा. किती लांब जाता येईल हे पहिल्या भागावरून ठरवा. येताना समोरून वारा असला तर दुसरा भाग पुरत नाही, तिसऱ्यात हात जातोच.

लाकूड की फायबर

थोडक्यात सांगतो. लाकडाची होडी दुरुस्त होते, पाण्याने भरली तरी तरंगते, पण दरवर्षी सेवा मागते. काजूच्या टरफलाचं तेल लावायला आणि फटी बुजवायला माहीतगार माणूस लागतो, आणि तो आता सहज मिळत नाही. फायबर हलकं, कमी कटकटीचं, पण फायबर पाण्यात बुडतं. म्हणून फायबरची होडी घेताना आत हवाबंद कप्पे किंवा फोम भरलाय का, हे विचारू नका, दाखवायला सांगा. उथळ पाण्यात नेऊन ती पाण्याने काठोकाठ भरा. काठ वर राहिला तर तुम्ही तिला धरून तासन्‌तास जगू शकता.

जुनी फायबरची घेत असाल तर तळावर नाण्याने टकटक करत जा. आवाज एकसारखा टणक हवा. मधेच भद्द वाजलं की आत थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय. सर्वांत आधी सडते ती इंजिनाची फळी, कारण फायबरच्या आत लाकूड असतं आणि बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं. इंजिन लावून ते हाताने मागेपुढे हलवा आणि फळी वाकते का ते बघा.

कागद

होडीची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडून. अर्ज रिअलक्राफ्ट या पोर्टलवर ऑनलाइन. बयाणा देण्याआधी सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन एकदा विचारा: मला अमुक फुटी होडी, अमुक इंजिनाची घ्यायची आहे, नोंदणी होईल का, कारखानदाराचे कोणते कागद लागतील? जुनी घेत असाल तर होडीवर रंगवलेला नंबर आणि कागदावरचा नंबर, इंजिनाच्या नंबरासकट, ताडून बघा.

इंजिनाच्या होड्यांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नुसत्या वल्ह्यावरच्या पारंपरिक होड्यांना ही बंदी लागू नाही, हाही आकार ठरवताना लक्षात घ्यायचा मुद्दा. मासेमारीच्या परवान्यावर पर्यटक फिरवायचे मनसुबे असतील तर ते सोडा. त्याला महाराष्ट्र सागरी मंडळाची वेगळी परवानगी लागते, आणि मासे मारायची होडी त्यात बसेलच असं नाही.

माणसागणिक लाइफ जॅकेट, आणि ते अंगावर, नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात, कोंबलेलं नाही. पोरांना त्यांच्या मापाचं. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. घाबरलेल्या माणसाला फोनमधलं नाव सापडत नाही.

सगळ्यांत शेवटी कारखान्यात

वरची कामं झाली की हातात एक कागद असेल: ओढायची पावलं, पहाटेची माणसं, मासे मारायची जागा, खाडीमुखावरचं पाणी, झापाखालची लांबी. आता कारखान्यात जा. मोह होईल तेव्हा कागद काढून वाचा.

नवी होडी सांगायची तर दिवाळीनंतर सांगा. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर कारखान्यांत घाई असते आणि घाईतलं फायबर नीट सुकत नाही. पैसे पूर्ण देण्याआधी समुद्रावर चाचणी घ्या, आणि ती सकाळच्या निवांत पाण्यात नको. दुपारी तीनला वारा असताना, पूर्ण भार घेऊन, समोरून, आडव्याने आणि पाठीवर लाट घेऊन चालवा. पाठीवरच्या लाटेत होडी नाळ खुपसते का, बाजूला फिरते का, हे बघा. मग इंजिन बंद करून घरापर्यंत वल्हवत या. किनाऱ्याला लागल्यावर रोजचीच माणसं घेऊन ती जागेवर ओढा, बघ्यांना हात लावू देऊ नका.

माझी २४ फुटी आता मावसभावाकडे आहे. त्याचं घर खाडीवर, होडी बारा महिन्यांतले आठ नांगरावर तरंगते, आणि त्याचे दोन मुलगे आणि एक जावई असे तिघे धडधाकट आहेत. तो तिच्यावर खूश आहे. माझ्याकडे १८ फुटी. पौर्णिमेच्या पहाटे, एकशे चाळीस पावलं, मी, मुलगा, आणि शेजारचे दोघे. त्यांची होडी आम्ही ओढतो, आमची ते.